विषाणूचा आरएनए: नक्कल नेमकी कुठून सुरू करायची हे कसं ठरतं?

विभाग: विज्ञान

पारसिककर (धागाकर्ता), ठाणे

गच्चीवरच्या बागेच्या धाग्यावर नेरूळच्या गच्चीवरची_जुई यांनी काकडीच्या पानांचे फोटो टाकले होते. हिरव्यावर फिकट पिवळे चट्टे, पानं आकसलेली, शेंड्याची वाढ थांबलेली. लक्षणं कुकुंबर मोझॅक व्हायरसशी जुळतात, पण नुसत्या फोटोवरून खात्री देता येत नाही, एवढं मी तिथे लिहिलं. त्यावर जुईताईंनी विचारलं की पेशीत झाडाचाच इतका आरएनए असताना विषाणू नेमकी स्वतःच्याच आरएनएची नक्कल कशी काढतो. याचं उत्तर तिथे चार ओळींत उरकणं पटेना, म्हणून हा वेगळा धागा.

आधी अडचण केवढी आहे ते बघू. पानाच्या एका पेशीत रायबोसोमचा, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेचा, आरएनए असतो, अमिनो आम्लं वाहून नेणारे टीआरएनए असतात आणि प्रथिनांचा आराखडा वाहणारे हजारो प्रकारचे एमआरएनए असतात. या गर्दीत विषाणूचे सुरुवातीला मोजकेच रेणू शिरतात. काकडीचा हा विषाणू धन साखळीचा. म्हणजे त्याचा आरएनए आत आला की झाडाचे रायबोसोम तो थेट एमआरएनएसारखा वाचतात आणि त्यातून विषाणूचं पॉलिमरेज तयार होतं. हे एन्झाइम आरएनएवरून आरएनए बनवतं. त्याने समोर येईल त्या आरएनएला हात घातला, तर सगळी शक्ती झाडाच्या आरएनएच्या नकला काढण्यात जाईल. आणि नुसता आपला आरएनए सापडून भागत नाही. सुरुवात अगदी टोकाशी व्हायला हवी. दहा अक्षरं (म्हणजे आरएनएचे घटक, न्यूक्लिओटाइड) आत सुरू झाली, तर ती दहा अक्षरं त्या नकलेतून कायमची गेली.

यावरचं सगळ्यात बारीक काम काकडीच्या विषाणूवर नाही, त्याच्याच कुळातल्या ब्रोम मोझॅक व्हायरसवर झालं आहे. ब्रोम हे एक गवत. हा विषाणू जवासारख्या पिकात भरपूर वाढतो, त्यामुळे प्रयोगाला हाताशी मुबलक मिळतो. १९८४ मध्ये पॉल आल्क्विस्ट आणि सहकाऱ्यांनी याच्या डीएनए प्रतींवरून परीक्षानळीत आरएनए बनवून रोपांना लागण करून दाखवली. तेव्हापासून एखादं अक्षर बदलायचं आणि परिणाम बघायचा, हे शक्य झालं. याचा जनुकसंच तीन तुकड्यांत आहे: सुमारे ३२००, २९०० आणि २१०० न्यूक्लिओटाइडचे आरएनए १, २ आणि ३. पहिल्यावरून १ए हे प्रथिन बनतं, दुसऱ्यावरून २ए हे पॉलिमरेज. तिसऱ्यावर एका पेशीतून दुसरीत जायला लागणारं प्रथिन आणि कवचाचं प्रथिन.

आरएनएच्या साखळीचं पुढचं टोक ५′ आणि मागचं ३′. तिन्ही तुकड्यांच्या ३′ टोकाकडचे सुमारे २०० न्यूक्लिओटाइड जवळजवळ सारखे आहेत. हा भाग स्वतःवरच घड्या घालून टीआरएनएसारखा आकार घेतो. हे साम्य वरवरचं नाही. झाडाचं जे एन्झाइम टीआरएनएला टायरोसीन हे अमिनो आम्ल जोडतं, ते फसून या शेपटीलाही टायरोसीन जोडतं. टर्निप यलो मोझॅक व्हायरसच्या शेपटीला व्हॅलीन जोडलं जातं, हे तर १९७० मध्येच फ्रान्समध्ये दिसलं होतं. तंबाखूच्या मोझॅक विषाणूला हिस्टिडीन.

या शेपटीतच ऋण साखळी, म्हणजे धन साखळीवरून निघणारी तिची पूरक नक्कल, सुरू करण्याचा संकेत आहे. त्यातल्या एका घडीला स्टेम-लूप सी म्हणतात: जोड्या जुळलेला दांडा आणि टोकाला तीन अक्षरांचा वळसा, ए-यू-ए. सी. चेंग काओ यांच्या गटाने शेपटीचा बाकीचा सगळा भाग काढून टाकला, फक्त हा स्टेम-लूप आणि त्याला जोडलेलं काही अक्षरांचं मोकळं ३′ टोक ठेवलं. परीक्षानळीत पॉलिमरेजला तेवढं पुरलं. २००० साली काओ आणि इग्नासिओ टिनोको यांच्या गटांनी एनएमआरने (चुंबकीय क्षेत्रात रेणूची रचना बघण्याची पद्धत) या वळशाची रचना काढली. वळशातलं पहिलं ए मोकळं हलत नाही, ते दांड्याला घट्ट टेकून बसलेलं असतं. ते बदललं की पॉलिमरेजचं काम कोसळतं.

ओळखायची जागा ही, पण सुरुवात होते शेपटीच्या अगदी टोकाशी. तिथे टीआरएनएसारखीच सी-सी-ए ही अक्षरं आहेत. पॉलिमरेज शेवटचं ए सोडतं आणि त्याच्या आधीच्या सी समोर पहिलं जी ठेवतं. त्याला सुरुवात करून देणारा तयार तुकडा, म्हणजे प्रायमर, तोही लागत नाही.

---

गच्चीवरची_जुई, नेरूळ

वेगळा धागा काढलात, मनापासून आभार. दोनदा वाचलं. माझा गोंधळ असा: सगळं तीन अक्षरांच्या वळशावर असेल तर ए-यू-ए ही तीन अक्षरं झाडाच्या आरएनएमध्ये कितीतरी ठिकाणी असणार. मग पॉलिमरेज तिकडे का जात नाही? आणि शेवटचं ए जर दर वेळी सोडलं जात असेल, तर पिढ्यान्‌पिढ्या शेपूट झिजत का नाही?

---

पारसिककर

जुईताई, दोन्ही प्रश्न अगदी वर्मावरचे.

अक्षरं सगळीकडे असतात, पण सरळ ओळीतलं ए-यू-ए पॉलिमरेजसाठी काहीच नाही. ती तीन अक्षरं ठरावीक दांड्याच्या डोक्यावर, पहिलं ए टेकलेल्या अवस्थेत हवीत. शिवाय तिथून योग्य अंतरावर सी-सी-ए असलेलं मोकळं टोक हवं. ते टोक दुसऱ्या घडीत अडकलं असेल तर सुरुवात होत नाही. या सगळ्या अटी एकत्र जुळणं दुर्मीळ आहे.

शेपूट न झिजण्याचं कारण मला फार विलक्षण वाटतं. झाडाच्या पेशीत टीआरएनएच्या टोकाला सी-सी-ए जोडणारं, तुटलं तर पुन्हा भरून काढणारं एक एन्झाइम कायम असतं. विषाणूची शेपूट टीआरएनएसारखी दिसते म्हणून ते तिचंही टोक दुरुस्त करतं. १९८९ मध्ये ब्रोम मोझॅकवरच हे दाखवलं गेलं आणि त्या कामात शेपटीची तुलना गुणसूत्राच्या टोकांवरच्या टेलोमियरशी केली होती. म्हणजे टोक राखायचं काम विषाणूने झाडाकडून करून घेतलं आहे.

---

मावा_तुडतुडे, घोडबंदर रोड

वाचतोय. लेख आवडला. एक भर: झाडांकडेही आरएनएवरून आरएनए बनवणारी स्वतःची पॉलिमरेज असतात. फक्त त्यांचा उपयोग मुख्यतः विषाणूविरुद्धच्या बचावात होतो. ती दुपदरी आरएनए बनवतात, त्याचे बारीक तुकडे होतात आणि त्या तुकड्यांच्या मदतीने विषाणूचा आरएनए कापला जातो. हवाईतल्या रेनबो पपईत, जी १९९८ पासून लागवडीत आली, विषाणूच्या कवचाचं जनुक घालून हाच बचाव आधीपासून जागा ठेवला आहे.

---

वागळे_इस्टेट

मी औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे, विषाणू माझा विषय नाही. पण एक गोष्ट खटकली. पेशीतल्या प्रत्येक टीआरएनएच्या टोकाला सी-सी-ए असतंच ना? आणि टीआरएनएची संख्याही प्रचंड. स्टेम-लूप सी नसला तरी चुकून तिथून सुरुवात होण्याचा धोका राहतोच की.

---

पारसिककर

धोका आहे, आणि वेगवेगळ्या विषाणूंनी तो वेगवेगळ्या तऱ्हेने निस्तरला आहे. म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

ब्रोम मोझॅकचं पॉलिमरेज चोखंदळ आहे, त्याला स्टेम-लूप सी लागतोच. टर्निप यलो मोझॅकची गोष्ट उलटी. थिओ ड्रेहर यांच्या गटाने १९९० च्या दशकात परीक्षानळीत पाहिलं की त्याचं पॉलिमरेज टीआरएनएसारख्या संपूर्ण रचनेची वाट बघत नाही. मोकळी, हाताशी येणारी सी-सी-ए किंवा सी-सी-जी दिसली की ते सुरू होतं, भले तो आरएनए परका असो. मग जिवंत पेशीत गोंधळ का होत नाही? कारण तिथे निवड एकट्या टोकावर सोडलेली नाही. नक्कल होते ती पेशीतल्या पडद्यांच्या आडोशाला, आणि त्या आडोशात कोण शिरणार हे आधीच ठरलेलं असतं.

ब्रोम मोझॅकमध्ये ही पायरी फार स्पष्ट दिसते. १ए हे प्रथिन एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम या पेशीतल्या जाळ्याच्या पडद्याला आत खोलगट फुगे पाडतं, ५० ते ७० नॅनोमीटर व्यासाचे. मग विषाणूचे आरएनए शोधून त्या फुग्यांकडे आणतं. ते शोधतं कशावरून? शेपटीवरून नाही. आरएनए १ आणि २ मध्ये ५′ टोकाजवळ आणि आरएनए ३ मध्ये दोन जनुकांच्या मधल्या मोकळ्या जागेत बॉक्स बी नावाचा छोटा भाग आहे, त्यावरून. म्हणजे संकेत दोन. एक सांगतो की हा रेणू आत घ्या, दुसरा सांगतो की इथून सुरू करा. आल्क्विस्ट यांच्या प्रयोगशाळेत १९९३ मध्ये साध्या यीस्टमध्ये हा विषाणू वाढवता आला आणि मग अशा एकेका पायरीचा माग काढणं सोपं झालं.

टीआरएनएला बॉक्स बी नाही, त्याला कोणी फुग्यात नेत नाही. त्यामुळे टोकाचं साम्य असूनही तो या सगळ्याच्या बाहेर राहतो.

---

लसूणघास

पारसिककर, अल्फाल्फा मोझॅकचा उल्लेख यायलाच हवा. तोही याच कुळातला, पण त्याच्या शेपटीला कुठलंही अमिनो आम्ल जोडलं जात नाही. त्याचे तिन्ही आरएनए शुद्ध करून रोपाला चोळले तर लागण होतच नाही. सोबत थोडं कवचाचं प्रथिन किंवा ते बनवणारा आरएनए ४ दिला की होते. नेदरलँड्समध्ये जॉन बोल आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये हे दाखवलं. कवच म्हणजे नुसतं वेष्टन असं आपण शाळेत शिकतो. इथे तेच प्रथिन ३′ टोकाशी चिकटल्याशिवाय गाडं हलत नाही.

---

पारसिककर

लसूणघास, अगदी मोक्याची भर.

---

खारघर_टीवाय, खारघर

सर, टीवाय बीएस्सीला आहे. आमच्या पुस्तकात आरएनए ४ बद्दल फक्त एक ओळ आहे: 'सबजीनोमिक आरएनए'. तो तर आरएनए ३ चा मागचा अर्धा भाग आहे. मग पॉलिमरेज टोक सोडून मधूनच कसं सुरू होतं? तिथे ना शेपूट, ना सी-सी-ए.

---

पारसिककर

हे आधी नीट मांडतो, कारण दिशा चुकली की सगळं चुकतं. आरएनए ४ धन साखळीवरून बनत नाही. आधी आरएनए ३ ची पूर्ण ऋण साखळी बनते. त्या ऋण साखळीच्या मधल्या भागात प्रमोटर, म्हणजे सुरुवातीचा संकेत, आहे, तिथे पॉलिमरेज उतरतं आणि कवचाच्या जनुकाएवढी छोटी धन साखळी बनवतं. मधूनच सुरुवात होते हे मिलर, ड्रेहर आणि हॉल यांनी १९८५ मध्ये परीक्षानळीत सिद्ध केलं. त्याआधी मोठा आरएनए बनवून तो कापला जातो का, हीही शक्यता होतीच.

आता ओळख कशी पटते? १९९७ मध्ये काओ यांच्या गटाने प्रमोटरच्या गाभ्यातली, साधारण वीस न्यूक्लिओटाइडमधली, अक्षरं एकेक करून बदलली. बहुतेक ठिकाणी बदल खपून गेला. मात्र सुरुवातीच्या जागेपासून मागे मोजलं तर १७, १४, १३ आणि ११ या चार जागा फार महत्त्वाच्या निघाल्या. त्यांनी नुसती अक्षरं बदलून थांबण्याऐवजी त्या अक्षरांवरचे छोटे रासायनिक गटही एकेक करून काढून पाहिले. पॉलिमरेज अक्षराच्या नेमक्या कोणत्या कडेला स्पर्श करतं, इथपर्यंत ते पोचले.

तेव्हा एकच पॉलिमरेज, पण सुरुवातीच्या जागांनुसार त्याच्या ओळखीच्या खुणा निराळ्या. शेपटीत वळशाचा आकार, मधल्या प्रमोटरमध्ये ठरावीक जागांवरची अक्षरं. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. एखादा ठरावीक शब्द शोधून विषाणूचा संकेत सापडेल असं मानून चालत नाही. प्रत्येक ठिकाणी आकार, अक्षरं, मोकळं टोक आणि पेशीतली जागा यांचं प्रमाण वेगळं असतं.

---

फळबाजार_तुर्भे

आमचा फळांचा व्यवसाय आहे, तुर्भ्याच्या मार्केटला गाळा आहे. नंदुरबार-शहादा भागातून पपई येते. कधी कधी सालीवर गोल गोल कड्या असलेला माल येतो, बागायतदार व्हायरस म्हणतात. तोपण असाच शेपटीवाला का? आणि अशी पपई खाल्ली तर माणसाला काही होतं का?

---

पारसिककर

काका, खाल्ल्याने माणसाला त्या विषाणूचा काही त्रास नाही. तो माणसात वाढत नाही. फळाची गोडी मात्र कमी होते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

पपईचा रिंग स्पॉट विषाणू पॉटीव्हायरस गटातला. त्याची शेपूट टीआरएनएसारखी नाही. सुमारे दहा हजार न्यूक्लिओटाइडची एकच साखळी, मागे ए-ए-ए-ए अशी रांग, आणि पुढच्या ५′ टोकाला व्हीपीजी नावाचं प्रथिन जोडलेलं. ए ची रांग तर झाडाच्या जवळजवळ प्रत्येक एमआरएनएला असते, त्यामुळे केवळ तिच्यावरून आपला-परका ठरवताच येणार नाही. या गटातलं पॉलिमरेज व्हीपीजीला यू ही अक्षरं जोडू शकतं आणि असं प्रथिनच नव्या साखळीची सुरुवात करून देतं, असं समजलं जातं. म्हणजे ब्रोम मोझॅक ज्या प्रायमरशिवाय काम करतो, त्याची जागा इथे प्रथिनाने घेतली.

---

गच्चीवरची_जुई

माझ्या भेंडीलाही शिरा पिवळ्या पडल्यात. तिथेही हाच आरएनएचा प्रकार?

---

मावा_तुडतुडे

भेंडीचा केवडा वेगळा, ताई. तो पांढऱ्या माशीमुळे पसरतो आणि त्याचा जनुकसंच डीएनएचा असतो. तिथे विषाणूचं रेप प्रथिन टी-ए-ए-टी-ए-टी-टी-ए-सी या नऊ अक्षरांच्या ओळीत डीएनएला छेद देतं आणि नक्कल तिथून सुरू होते. तो विषय वेगळ्या धाग्याचा.

---

वागळे_इस्टेट

पुन्हा एक प्रश्न. रायबोसोम धन साखळी ५′ कडून ३′ कडे वाचत येतो. पॉलिमरेज त्याच साखळीवर ३′ टोकापासून उलट्या दिशेने निघतं. एकेरी रुळावर समोरासमोर दोन गाड्या सोडल्यासारखं झालं हे. हे सांभाळतं कोण?

---

पारसिककर

हा प्रश्न विचारलात याचा खरंच आनंद झाला, कारण शेपटीचं सोंग नुसतं टोक राखायला नाही हे इथे कळतं.

टर्निप यलो मोझॅकमध्ये शेपटीला व्हॅलीन जोडलं गेलं की झाडाचं ईईएफ१ए हे प्रथिन, जे एरवी टीआरएनएला रायबोसोमकडे नेतं, तिला घट्ट धरतं. ड्रेहर यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवलं की असं धरलेलं असताना ऋण साखळी सुरू होणं दबतं आणि प्रथिनं बनणं मात्र चालू राहतं. त्यावरून त्यांनी मांडलेला क्रम असा: लागणीच्या सुरुवातीला आधी रायबोसोमला वाव, पुरेसं पॉलिमरेज तयार झालं की ते शेपटीचा ताबा घेतं. ब्रोम मोझॅकमध्ये १ए आरएनएला पडद्याच्या फुग्याकडे ओढून घेतं, त्यामुळे तो रायबोसोमच्या हाती राहतच नाही.

ब्रोम मोझॅकच्या शेपटीची रचना जेफ्री कीफ्ट यांच्या गटाने २०२१ मध्ये क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहिली. टायरोसीन जोडणारं एन्झाइम तिला धरतं तेव्हा तिचा एक हात चांगलाच फिरून जागा बदलतो. म्हणजे ही ताठ, गोठलेली रचना नाही. एकाच भागाला टायरोसीन जोडून घ्यायचंय, टोक दुरुस्त करून घ्यायचंय, पॉलिमरेजलाही बोलवायचंय. तो हलता असणंच भाग आहे.

---

लसूणघास

आणि संकेत महत्त्वाचा, जनुकं नव्हेत, याचा उत्तम पुरावा म्हणजे सॅटेलाइट आरएनए. काकडीच्या मोझॅक विषाणूसोबत कधी कधी ३३० ते ४०० न्यूक्लिओटाइडचा एक छोटा आरएनए फिरतो. त्याची विषाणूशी फारशी अक्षरं जुळत नाहीत, तो स्वतःचं पॉलिमरेज बनवत नाही. फक्त विषाणूच्या पॉलिमरेजला पटेल अशी टोकं त्याच्याकडे आहेत. तेवढ्यावर तो पेशीत भरमसाट वाढतो आणि बऱ्याचदा विषाणूची वाढ कमी करतो. टोमॅटोत मात्र काही सॅटेलाइटमुळे झाड पार करपतं.

---

गच्चीवरची_जुई

मग हा संकेत बंद पाडणारं काही औषध फवारता येतं का? नीमतेल मारून झालं.

---

पारसिककर

लागण झालेल्या झाडातून विषाणू काढून टाकणारं, गच्चीवर फवारता येईल असं औषध नाही, ताई. काकडीचा हा विषाणू मावा पसरवतो, आणि मावा पानात सोंड खुपसतो त्या काही सेकंदांत लागण होऊन जाते. कीटकनाशकाने मावा मरेपर्यंत काम झालेलं असतं. हजाराहून जास्त जातींच्या वनस्पतींत हा वाढतो, त्यामुळे कुंडीतलं तणही त्याचं घर ठरू शकतं. झाड मुळासकट काढा, पिशवीत बांधून टाका, शेजारच्या मिरची-टोमॅटोच्या कुंड्यांतलं तण उपटा, कात्री साबणाने धुवा. पुढच्या वेळी रोपं लहान असताना बारीक जाळीखाली ठेवा. ग्रो बॅगमधली माती फेकायची गरज नाही.

---

खारघर_टीवाय

सर, काल रात्री ब्रोम मोझॅकच्या आरएनए ३ चे शेवटचे २०० न्यूक्लिओटाइड घेऊन आरएनएफोल्ड या घड्यांचा अंदाज करणाऱ्या प्रोग्राममध्ये टाकले. तीन अक्षरांचा वळसा असलेला लांब दांडा दिसला, तोच स्टेम-लूप सी असावा. पण सी-सी-ए जवळचा भाग तुम्ही सांगितलेल्या टीआरएनएसारखा अजिबात दिसत नाही, सगळं सैल पडलंय. माझं काही चुकलं का?

---

पारसिककर

तुझं काही चुकलेलं नाही. सी-सी-ए च्या अलीकडे स्यूडोनॉट आहे: एका घडीच्या वळशातली अक्षरं बाहेरच्या अक्षरांशी जोड्या जुळवतात. आरएनएफोल्डची पद्धत अशा आडव्या जोड्या धरतच नाही, म्हणून तेवढा भाग सैल दिसतो. स्यूडोनॉट हिशेबात घेणारे वेगळे प्रोग्राम आहेत, त्यात तोच तुकडा टाकून बघ.

आणि आणखी एक कर. त्या वळशातलं पहिलं ए बदलून दुसरं कुठलंही अक्षर ठेव आणि पुन्हा घडी घाल. दांडा तसाच, वळसा तसाच, ऊर्जेचा आकडाही जवळपास तोच येईल. प्रयोगात मात्र पॉलिमरेज त्याच रेणूकडे पाठ फिरवतं. जोड्या कुठे जुळतात हे प्रोग्रामला कळतं, टेकलेलं ए त्याला दिसत नाही. त्यासाठी एनएमआर लागलं. प्रोजेक्टमध्ये ही दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लाव. मग काकडीच्या विषाणूच्या आरएनए ३ ची शेपूट घेऊन तसाच वळसा कुठे सापडतो ते शोध आणि इथे टाक.

---

खारघर_टीवाय

हो सर. शनिवारी सबमिशन आहे, त्याआधी टाकतो.